रिस्टोअर आणि आप्पांचा फोन

वडगावच्या आमच्या विणकर संस्थेचा सर्व्हर बिघडला, तेव्हाची ही गोष्ट ऐका. साड्यांची सगळी डिझाईन्स त्यात होती; त्यांच्याविना घरोघरचे माग थांबले होते. बॅकअपची डिस्क एकच. ती शाबूत असल्याची खात्री करूनच मी रिस्टोअर, म्हणजे डिझाईन्स सर्व्हरवर परत उतरवणे, सुरू केले. निम्म्यावर संदेश आला : ‘मेमरी अपुरी.’ पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

संस्थेचे अध्यक्ष आप्पा शेजारीच उभे होते. "एमएस्सी झालास न्हवं रं? लग्नसराईच्या साड्या अडकल्यात."

अनावश्यक प्रोग्राम बंद करून मी तिसऱ्यांदा सुरुवात केली. मेमरी पुन्हा भरू लागली. तेवढ्यात मागून फोनवर बोलणाऱ्या आप्पांचा दबका आवाज आला, "व्हय आक्का, यायला लागल्यात. तुझं डिझाईन उघडून बघ. शेजारणीलाबी सांग."

मी वळलो. "आप्पा, असे किती जणांना सांगितलेत?"

"सगळ्यास्नी, पहिल्यापास्नंच. जीव टांगणीला लागलाय रं त्यांचा."

सगळे वडगाव एकाच वेळी डिझाईन्स उघडत होते आणि मेमरी तिकडेच संपत होती! मी सर्व्हरची नेटवर्कची वायर काढली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी शेवटच्या साडीचे डिझाईनही पडद्यावर आले.

"आता तरी सांगू?" आप्पांनी हळूच विचारले.

"सांगा. पण एकेकाला."