पोपटाला खिडकी पायजे

...आन् पिंजरा कोणाच्या मांडीवर? माझ्या! गाडी बद्रीनाथभाऊची, पोपट बद्रीनाथभाऊचा, आन् मागं पिंजरा कवटाळून बसायला शेजारी म्हणून मी! तुम्हाला सांगतो, लोक वळूवळू बघून राह्यलेत, आन् म्होरं बसलेला माणूस वरडतो, "जरा आडवं बसा, त्याला वारं लागून राह्यलं!" मला वारं लागत न्हाई का?

बद्रीनाथभाऊ म्हंजे नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत सारी उमर घातलेला माणूस, आता रिटायर. पोपटाचं नाव सरपंच. का? तर दिवसभर बोलतो आन् काम कायबी करत न्हाई! पिल्लू असताना वादळात झाडावरून पडल्तं, पंख मोडला तो मोडलाच. पोपट पाळायला बंदी हाय हे मलाबी माहीत हाय हो, पण उडता न येणारं पाखरू सोडावं कुठं? आता पुण्याला भाऊच्या पोराच्या, सुमितच्या घरी पाळणा हलणार, भाऊ आन् त्यांची बायको सोनूबाई तिकडं निघाले, तर सून दीपमाला फोनवर म्हणती, "मामा, तुम्ही या, पण पोपट नका आणू, मला पिसांनी दम लागतो." झालं! भाऊ सरपंचासाठी जागा बघायला निघाले. जागा कशी पायजे? सेफ!

पयली जागा गल्लीतल्याच भारतची. घर चांगलं, माणूस चांगला. भाऊ इचारतेत, "मांजर हाय का?" भारत म्हणतो, "न्हाई." "येतं का कोणाचं?" "बिलकुल न्हाई." "उंदीर?" "एकबी न्हाई!" भाऊ उठलेच! बाहेर येऊन माझ्या कानात म्हणतेत, "उंदीर न्हाई म्हंजे मांजर येतंच. भारत लपवून राह्यला. बाकी समदं बराबर, पण जागा सेफ न्हाई!"

मंग पिंपळगाव रेणुकाई. भाऊची बहीण दैवशाला, शेतातलं घर, पेरूचं झाड, पोपटाला आणखी काय पायजे? पण भाऊ मेव्हण्याला, अंगदला म्हणतेत, "दाजी, पोपट समदं शिकतो. तुमच्या तोंडात शिव्या फार." अंगददाजी असे उसळले! "कोण भाडखाऊ म्हणतो मी शिव्या देतो?" सरपंच पिंजऱ्यातून, बारीक आवाजात, "कोण भाडखाऊ?" आटपलं! आलेला चहा तसाच सोडून आम्ही गाडीवर. "बाकी समदं बराबर, पण जागा सेफ न्हाई!"

मंग वडीगोद्री. भाऊच्या वळखीच्या शिवाजीचं हायवेला हॉटेल. भाऊ म्हन्ले, दुपारभर ठेवून बघू. बघितलं! संध्याकाळी घरी आलो, सोनूबाई परातीत पीठ घेऊन चालल्यात, मागून पिंजऱ्यातून ट्रक रिव्हर्स घेतल्यावानी, "टीं... टीं... टीं..." बाई भिंतीला चिकटल्या, पीठ सगळं भाऊच्या डोक्यावर! आन् पांढऱ्या डोक्यानं भाऊ काय म्हणतेत? "बाकी समदं बराबर..."

तवा सोनूबाईचा बांध फुटला. "पोपटासाठी गावोगाव फिरून राह्यले! आन् आपल्या शीतलचं लग्न? एका बैठकीत! पोहे खाल्ले आन् सुपारी फोडून आले! पोरगी कुठं राहील, काय खाईल, बघितलं का आत जाऊन?"

भाऊ डोक्यावरचं पीठ झटकत राह्यले. शेजारी असलो म्हणून काय झालं, अशा वक्ताला माणसानं छताकडं बघावं.

दुसऱ्या दिवशी शीतलचाच फोन. "बाबा, माझ्याकडं ठेवा की." आम्ही अंबडला. परत पिंजरा माझ्याच मांडीवर! जावई प्रेम लई अगत्याचा माणूस, "या मामा, बसा मामा." पण भाऊ बसले न्हाईत. पोपटाची जागा बघायची म्हणून सरळ आत, सैपाकघरात. इतक्या वर्षांत पयल्यांदा! तिथं शीतल मिरचीची फोडणी देऊन राह्यली. अंधारी कोंदट खोली, धूर असा की सरपंच शिंकला, मी शिंकलो, भाऊच्या डोळ्यातून पाणी.

"शीतल, हितं खिडकी न्हाई?"

"न्हाई बाबा."

"मंग धूर जातो कुठून?"

"माझ्या नाकातून."

हसत म्हन्ली हो पोरगी! भाऊला वाटलं, आपण बैठकीची खोली बघितली, भिंतीवरचा टीव्ही बघितला, आन् लेक कुठं उभी राहणार तेवढंच बघायचं राह्यलं. "जावयाला सांगितलं न्हाईस?" तर म्हणती, "सांगितलं की. म्हणतेत, भोक पाडलं तर भिंत कमजोर होती."

भाऊ बाहेर आले. मला वाटलं आता जावयाची खैर न्हाई. पण भाऊ खुर्चीवर बसले, घसा खाकरला आन् म्हन्ले, "बाकी समदं बराबर हाय प्रेमराव. पण पोपटाला खिडकी पायजे."

"पोपटाला? मंग पाडू की मामा!"

आता सांगा! बायकोसाठी भिंत कमजोर, आन् पोपटासाठी जल्दी गवंडी हजर! दोन दिसात खिडकी, जाळी, वर धूर वढणारा पंखा! भाऊला मंग असा चेव चढला की इचारू नका. "पोपटाम्होरं मोठ्यानं बोललेलं चालत न्हाई. दुपारी घरात कुणी काम सांगायचं न्हाई, त्याची झोप मोडती. आन् त्याला भरवणारं माणूस येळेवर जेवलेलं पायजे, न्हाई तर त्यो दाणा टिपत न्हाई." शीतलची सासू मान हलवून राह्यली, "बराबर हाय, मुकं पाखरू हाय!" मुकं? अंगददाजीला इचारा!

भाऊ पुण्याला गेले. आता पुढचं सोनूबाईनं आमच्या घरी फोनवर सांगितलं. भाऊ तिकडून रोज शीतलला फोन लावतेत. लई हिंमत करून तोंड उघडतेत, "शीतल, तू कशी..." तेवढ्यात पोरगी म्हणती, "थांबा बाबा, देते त्याला!" आन् फोन लावती पिंजऱ्याला.

आता करता काय? इकडं तिकडं बघून, आवाज बारीक करून भाऊ पोपटालाच इचारतेत,

"सरपंच... पोरगी जेवली का रे?"