मागच्या दाराचा पांढरा

—अहो मास्तर, तो रुमाल आधी खिशात ठेवा. कोरड्या रुमालानं गाडी पुसतात का कधी? वर्गातला फळा आहे का तो? धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि तुम्ही ती गोल गोल घासताय, म्हणजे माझ्या रंगावर पॉलिश पेपरच मारताय—आणि महिन्यानं मलाच विचारणार, चमक कुठे गेली म्हणून. आधी पाणी सोडायचं, वरून खाली, मग ओलं मऊ फडकं. टपाचं फडकं वेगळं, चाकांचं वेगळं. सांगितलं होतं ना मागच्या आठवड्यात? मान डोलावली होती तुम्ही. तुमची पोरंही वर्गात अशीच डोलावत असतील. आणि हे बोनेटवर काय? पक्ष्याची मेहेरबानी, दोन दिवस तरी वाळतेय—अहो, नखानं नका खरवडू! ओलं फडकं ठेवायचं वर पाच मिनिटं, आपोआप सुटते. बरं, बसा. ते स्टूल घ्या. ते नको, त्याच्यावर पुट्टी सांडलीय.

हं, बोला आता. पॉलिश करायला आला असाल तर महिनाभर जमणार नाही, रंग ताजा आहे अजून. मग? दार? मागचं डावं? त्याला काय झालं? डेंट असा काढलाय की ज्या खांबाला धडकलात तो खांबसुद्धा ओळखणार नाही. ‘खांब मध्ये आला’ म्हणत होता तुम्ही—कमाल आहे खांबाची, वीस वर्षं फाटकाजवळ गुमान उभा होता आणि नेमका त्या दिवशी फिरायला निघाला. असू दे, असू दे, हसा. पण झालं काय दाराला? रंग? वेगळा दिसतो? कुणाला दिसतो?... बाईसाहेबांना. तरीच. तुम्ही स्वतःहून येणाऱ्यातले नाहीच. आठ दिवस तुम्हालाही दिसत असणार, आणि चहाचा कप घेऊन गप्प उभे राहत असणार गॅलरीत. मग काय म्हणाल्या त्या? पिवळट? असं म्हणाल्या?

आता बघा, पांढरा रंग लोकांना सोपा वाटतो. पांढरा म्हणजे पांढरा, त्यात काय! अहो, लाल जुळवतो कुणीही, काळा तर झोपेतही जुळतो—घाम काढतो तो पांढराच. डब्यातला पांढरा कुठल्याच गाडीचा नसतो. त्यात थेंबभर काळा, दोन थेंब पिवळा, निळ्याचं नुसतं बोट लावायचं, आणि तुमच्या गाडीचा पांढरा होतो. एक थेंब इकडचा तिकडे झाला की दार शेजारच्यांचं वाटतं. त्यात तुमची गाडी सहा वर्षं उन्हात, कपडे धुवायच्या पावडरीनं धुतलेली—नाही म्हणू नका, काचेच्या रबरात पांढरं बसलंय—जुना रंग मंदावला आणि नवा उठून दिसतो. होतं असं. डॉक्टरीणबाईंनाही मी हेच सांगितलं परवा. आणि शाळेच्या व्हॅनवाल्याला... हो, आले होते तेही, हीच तक्रार घेऊन. दोघेच. तिसऱ्याची गाडी राखाडी होती, ती नका धरू.

हे बघा, उगाच वाद नको. तारेवर टांगल्यात ना, त्या पट्ट्या आणा इकडे. पत्र्याच्या सात पट्ट्या आहेत, तुमच्या गाडीचाच पांढरा, प्रत्येकीत थेंबाचा फरक, सगळ्या आज सकाळी मारल्या. हो, तुम्ही यायच्या आधीच. सवय असते. या बाहेर, भिंतीच्या सावलीत, ट्यूबलाइटखाली रंग बघणारा माणूस फसतोच. आता एकेक पट्टी पुढच्या दारावर धरायची, जुन्या रंगावर. जी दिसेनाशी होते ती बरोबर, एवढं साधं आहे. पत्र्यात विरघळून जायला हवी. धरा. तुम्ही धरा, मी सांगतो. नाही—असं करा, तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा. गिऱ्हाइकाचं समाधान महत्त्वाचं. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाला पट्टी निवडायला दिली नव्हती, तुमचा मान समजा. हं? कोणती? चौथी? नक्की? आणि बाकीच्या? पहिल्या तीन पिवळ्या... सरळ दिसतंय? इतकं सरळ? चष्मा घालून बघताय ना? आणि ही सहावी निळसर? काय सांगता. मला तर सातही दिसेनाशा—

ऊन फार आहे आज.

नाही, आत नको, इथेच बरं आहे. असं बघू नका हो, परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखं. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, काचेवर पिवळा कागद चिकटवून जग बघताय तुम्ही, आणि हळूहळू चिकटला म्हणून कळलं नाही. काढून टाकू म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. मी कुठे घाबरतोय? ऑपरेशनचं काही नाही हो. माझी मुलगी आहे. पाच वर्षं इथंच रंग कालवायची, माझ्याच हाताखाली शिकली. तिनं तीन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर सांगितलं—बाबा, पिवळा जास्त होतोय. गिऱ्हाइकासमोर! एकटं असताना म्हणाली असती तर... तरी मी ओरडलोच असतो, खरं सांगायचं तर. म्हणालो, रंगाचा डोळा उपजत असावा लागतो, तुझ्याकडे नाही तो, उद्यापासून येऊ नकोस. तिनं हात धुतले, मास्क खुंटीला लावला आणि गेली. दुसऱ्याच आठवड्यात पेट्रोल पंपामागच्या गॅरेजात लागली. माझा डबा अजून तीच भरते. रोज. भाजी बरोबर, मीठ बरोबर, बोलणं मात्र शून्य. आणि मी रोज सकाळी सात पट्ट्या मारतो, सावलीत धरतो, वाटतं आज दिसेल फरक. तिच्याकडे डोळा नाही म्हणालो, मास्तर. मी. स्वतःच्या लेकीला.

नका, धीर देऊ नका, तुम्हाला ते जमत नाही. असं करा, चौथी पट्टी घ्या आणि गाडी तिच्याकडे न्या. दार पुन्हा मारून देईल, जोडसुद्धा दिसणार नाही. तिला सांगा... माझं नाव सांगू नका. नाही, सांगा. सांगा की बाबांनी पाठवलंय. तिनं विचारलं, का पाठवलं, तर सांगा की त्यांना—नको. हे तुम्ही कसं सांगणार? तुम्हाला दाराचं सांगायला आठ दिवस लागले. तुमच्यावर सोडलं तर माझा जन्म जाईल.

थांबा, शटर ओढतो. हो, भर दुपारी, ओढू दे. सरका तिकडे, मी पुढे बसतो. किल्ली मला कशाला देताय, तुम्हीच चालवा, मला सिग्नलचाही भरवसा नाही हल्ली. खांबांपासून लांब ठेवा फक्त. चला. आणि मास्तर, वाटेत माझ्याशी अजिबात बोलू नका—मला तिला काय म्हणायचं ते अजून सुचत नाहीये.