बरणीतले मास्तर

कोलकात्यात, मेडिकल कॉलेजच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या; खिडकीत कारकून निताईबाबू. नवऱ्याचा देह त्यांनी इथंच दान केला होता.

"निताईबाबू, आता त्यांना परत द्या. मुखाग्नी द्यायचाय."

"काकीमा, मुख कुठलं आता? छातीपासून पोटापर्यंतची मोठी धमनी तेवढी उरलीय. लाल रंगवून बरणीत ठेवलीय."

"तेवढी द्या."

"परीक्षेला लागते हो. पोरं मूत्रपिंडाचा फाटा यकृताचा म्हणून सांगतात. यंदा अकरा नापास."

"बरणीतूनसुद्धा?"

"म्हणजे?"

"मास्तर होते. पोटच्या पोराला नापास केलं, तो घर सोडून गेला. अग्नी द्यायला म्हणून काल वीस वर्षांनी आलाय. बाहेर उभा आहे."

"अरेरे. काय सांगाल त्याला?"

"सांगते, बाबा अजून पेपर तपासतायत."