बाराच्या खेळाचं तिकीट

तेच सांगतेय ना मघापासून — माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. चौकीत नाही, चाळीत नाही, माझ्या सख्ख्या आईनंही नाही. हे आधी लिही वहीत, मग बाकीचं विचार. काय? कॉलेजच्या पुस्तकाला थेटरचंच पाहिजे? अगं, थेटरचंच आहे हे. बस नीट, ते पोतं सरकव तिकडं — रबराचे वॉशर आहेत, कंपनीतून येतात, कडेचं जास्तीचं रबर कात्रीनं कापून द्यायचं — माझे हात चालू राहतील, तू माझ्या तोंडाकडं बघत बसू नको. हे गुडघ्याला शेक घ्यायला गेलेत, तासभर येत नाहीत. तुला त्यांचंच ऐकायचंय, माहितीय मला. सगळे त्यांच्याकडंच येतात. पेपरवाला आला, मंडळवाले आले, शाल दिली — चंद्रलेखा टॉकीजचे सगळ्यात जुने डोअरकीपर म्हणून. तिकीट फाडणाऱ्याला शाल! मी त्याच थेटरात सहा वर्षं झाडू मारला, खुर्च्यांखालच्या पिचकाऱ्या धुतल्या, मला कुणी हातरुमालसुद्धा दिला नाही. हसतेस काय, खरं सांगतेय.

थेटरची नावं पाहिजेत ना, घे नावं. आधी चंद्रलेखा. ज्वारीच्या रानात बांधलेलं, वर पत्रा, जोराचा पाऊस आला की हिरो नुसते ओठ हलवायचा — लोक तरी बसायचे. मग न्यू मीनाक्षी. मग मालकाच्या दोन पोरांचं भांडण, दोन वर्षं कुलूप. मग ड्रीमप्लेक्स — खुर्च्या मऊ केल्या आणि माणसं यायची बंद झाली. मग लग्नाचं कार्यालय. आता चौदा मजली बिल्डिंग, खाली जिम. बसमधनं दिसतं — काचेच्या आत पोरं पळतात, पळतात आणि तिथंच राहतात. चंद्रलेखाचं न्यू मीनाक्षी का केलं? मालकाला कुणीतरी बुवानं सांगितलं, नाव बदल, धंदा वाढेल. साल मला विचारू नको, साल ह्यांना विचार, ह्यांना सगळी सालं पाठ. मला वार माहितीय. शुक्रवार. नवा पिक्चर लागतो तो शुक्रवार, त्याच दिवशी सहाच्या खेळाला नवी पाटी उघडायची होती.

भिवा माझा पाठचा भाऊ. तेवीस वर्षांचा. गाव बीडकडं, इकडं भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये, मशीनवर पत्रे दाबायचं काम, ठेकेदाराकडं, कायम तिसरी शिफ्ट, रात्रीची. राहायला कॉट. कॉट म्हणजे खोली नाही गं, नुसती खाट भाड्यानं, आणि तीपण पाळीनं. दुसऱ्या शिफ्टचा माणूस दुपारपर्यंत तिच्यावर झोपलेला, तो कामाला निघाला की मग ह्याची पाठ टेकणार. सकाळी सुटलेल्या माणसानं तोवर जायचं कुठं? माझ्याकडं? दहा बाय दहाची खोली, त्यात सासू, दीर — बहिणीच्या सासरी दिवसाउजेडी लोळायची लाज वाटायची त्याला. मग बाराच्या खेळाचं तिकीट काढायचा आणि आत जाऊन झोपायचा. एकटा तोच नाही, तिसऱ्या शिफ्टची निम्मी पोरं तेच करायची. पडद्यावर हाणामारी आणि खाली घोरणं. मी म्हणायचे, अरे दाजी दारात उभे आहेत तुझे, तिकीट कशाला काढतोस? तर म्हणायचा, "आक्के, फुकट झोपलो तर लोक दाजींना बोलतील." मोठा आला मानाचा.

त्या शुक्रवारी बाराचा खेळ सुटला. दिवे लागले, मी मागून झाडत आले, तर हा शेवटून तिसऱ्या रांगेत. हलवलं — अंग नुसता तवा. तीन दिवस ताप होता म्हणे, पण रजा घेतली की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो, म्हणून जात राहिला. डोळे उघडले, पाणी म्हणाला. दिलं. आणि दारात जाऊन सांगितलं, रिक्षा बोलवा, भिवाचं काही खरं नाही. हो, जिवंत होता. तेच तर. मी सांगितलं तेव्हा जिवंत होता. तर मला काय ऐकायला मिळालं — आज नको तमाशा, पाहुणे यायचेत, मॅनेजर आधीच पिसाळलाय, झोपू दे, झोपेनं उतरतो ताप. मी ऐकलं. हेपण लिही, मी ऐकलं. मला वाटलं, उतरत असेल. तीनचा खेळ सुरू झाला आणि मला बाहेर पाठवलं, नव्या पाटीला झेंडूच्या माळा बांधायला. स्टुलावर चढून माळा बांधत होते मी. साडेपाचला आत गेले तर गार.

नाही, पाणी नको मला. तूच पी.

मॅनेजर शेखर म्हणून होता. तो म्हणाला, आत कुणी मेलेलं नाही. एवढंच म्हणाला. दोघांनी उचलला — एक हात ह्याच्या खांद्यावर, एक त्याच्या, पिऊन पडलेल्याला नेतात तसा — मागच्या दारानं, आणि बसस्टॉपच्या बाकावर नेऊन बसवला. मी ओरडले. तर मला बायकांच्या संडासात घातलं आणि बाहेरनं कडी. बाहेर बँजो लावलेला, मी दार बडवतेय ते कुणाला ऐकू येणार? नारळ फुटला, टाळ्या झाल्या, सगळं ऐकलं मी आतनं.

चौकीत म्हटलं, साहेब, माझा भाऊ थेटरात गेला, बाकावर नाही. त्यांनी त्याच्या खिशातलं अर्धं तिकीट काढलं. त्यावर छापलेलं चंद्रलेखा. म्हणाले, बाई, हे थेटर आता नाही, पाटी वाचता येत नाही का? न्यू मीनाक्षी आहे ते, हे जुनं तिकीट आहे. मी चौथी शिकलेय, पाटी वाचता येते मला, मीच तिला माळ घातली होती! बाराच्या खेळाला ती उघडलीसुद्धा नव्हती, आणि पाटी बदलली तरी जुनी पुस्तकं संपेपर्यंत तीच तिकिटं देतात, कागद कोण फुकट घालवतं? तारखेचा शिक्का होता, पण तापाच्या घामानं त्याचा नुसता निळा डाग झालेला. मग म्हणाले, दुसरं अर्धं दारावर राहतं ना, डोअरकीपरला बोलवा. डोअरकीपर आला. म्हणाला, हे मी आज फाडलेलं नाही. माझ्याकडं ह्याचं अर्धं नाही.

संपलं. कागदावर लिहिलं — बसस्टॉपवर मिळून आला, बहुधा दारूच्या नशेत. त्यातलं बहुधा गेलं उडून, दारू तेवढी राहिली. सुपारीचं खांड खात नव्हता तो. आई गेली तीसुद्धा हेच म्हणत, पोरगं पुण्याकडं जाऊन बिघडलं.

डोअरकीपर किती होते म्हणतेस? हुशार आहेस. एकच होता.

तशी बघू नको माझ्याकडं. दोन पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, रोज भाकरी थापते, आज सकाळीपण थापली. राग? राग असता तर बरं झालं असतं गं. कुशीवर झोपून हात मुंग्यांनी मेलेला असतो ना, तो आपलाच असतो पण उचलून बाजूला ठेवावा लागतो — तसं आहे. एकदाच बोललो आम्ही ह्यावर. म्हणाले, नोकरी गेली असती, तुझीपण. वर्षभरात बुकिंगच्या खिडकीवर बसवलं त्यांना, खुर्ची, पंखा. आणि मी आजपर्यंत कुणाला सांगितलं तर काय सांगितलं? मॅनेजरनं केलं. शेखरनं केलं. तीस वर्षं शेखरला शिव्या दिल्या, तो मरून गेला तरी दिल्या. उचलणारे दोघं कोण, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता तू विचारलंस म्हणून — नाही, तूपण विचारलं नव्हतंस. माझंच तोंड चाललं.

मिटू नको ती वही. आम्रपाली ना तुझं नाव? आम्रपाली, हे दरवेळी सगळ्यांना सांगतात ना, आमच्या थेटरात कधी काही वाईट घडलं नाही — ते तुझ्या कॉलेजच्या पुस्तकात घालू नको. लिही, भिवा चंद्रलेखात गेला. तिकीट काढून बसला होता. प्यालेला नव्हता. आणि ज्यानं ते तिकीट त्या दिवशी स्वतःच्या हातानं फाडलं, त्याचं नाव लिही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. पोरांच्या शाळेच्या फॉर्मवरसुद्धा शेजारणीकडनं लिहून घेतलं मी. तू लिही, आणि लिहून झालं की ऊठ. चहाला थांबू नको, त्यांची वाट बघू नको, परत येऊ नको. घेतलंस पेन? दत्तोबा गेनबा शिरसट.