पुलाखाली दगड नाहीत

—नाही, वर चढता येत नाही. घड्याळाच्या बुरुजाची किल्ली त्सोन्कामावशीकडे असते आणि मावशी गेली मळ्यात. सगळेच गेलेत. आज द्राक्षवेलींच्या छाटणीचा मुहूर्त, संत त्रिफोनचा दिवस — तो ढोल तिकडचाच. वेलीला एक कात्री, स्वतःला एक पेला, दुपारपर्यंत कोण कोणाला छाटतंय ते कळत नाही. काका, तुम्ही पार सोफियाहून आलात, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, आज इथे काही उघडं नसतं म्हणून? — बरं, आलातच आहात तर ही डबी धरा जरा. खळ आहे. कोटाला लावून घेऊ नका, निघत नाही.

काय लिहायचंय तुमच्या पुस्तकात, गावाची माहिती? लिहा. ब्याला व्हर्बा. वर डोंगर, खाली नदी, मध्ये आम्ही. बुरूज विणकरांनी बांधला, तुर्कांच्या काळात — सुलतानाला विचारून की न विचारता, ते शाळेत सांगितलं असणार, मी सातवीत सोडली. ती काचा फुटलेली गिरणी. माझी आजी तिथे होती, आई तिथे होती, गावातल्या सगळ्या बायका तिथे होत्या, मी जन्मायच्या आधीच बंद पडली. टेकडीवर कुठल्याशा राजाची कबर आहे, फार फार जुनी, त्यात सोन्याचा मुकुट निघाला — मुकुट तुम्ही नेलात राजधानीत, आम्हाला खड्डा ठेवलात. खड्डा बघायचा तर बघा, त्याला कुलूप नाही. माणसं किती? शाळेच्या पुस्तकात नऊ हजार होती. आता दोन हजार म्हणतात, पण तसं म्हणणारेही स्पेनला गेले.

हे? हे मेलेल्यांचे कागद, दुसरं काय. तुमच्याकडे लावत नाहीत का दारांवर, झाडांवर? — मग विचारता कशाला? आमच्या भिंतींना रंग लागत नाही, हेच लागतात. मेल्यावर एक, चाळीस दिवसांनी एक, मग सहा महिने, मग वर्ष. हा चाळिसाव्याचा. माझ्या दादाचा. स्त्राहिल. सव्वीस वर्षांचा. फोटो जर्मनीतल्या ओळखपत्रावरचा, गोदामात कामाला होता, म्हणून ते नारिंगी जाकीट. छापणारी पोरगी म्हणाली, जाकीट काळं करून देऊ का? मी म्हटलं, हात लावू नकोस त्याला. ओरडलोच तिच्यावर. रडली ती. शब्द तिनेच जुळवले, मला कुठे येतात. खाली 'शोकाकुल आई आणि भाऊ'. भाऊ म्हणजे मी, मिंचो. नाव घालायचं राहून गेलं की मीच नको म्हटलं, आता आठवत नाही.

पूल? हो, पूल बघण्यासारखा आहे. तिथला कागद लावायचा राहिलाय. सकाळपासून दोनदा गेलो आणि परत आलो — वारा होता, कागद टिकला नसता. पुलाचं लिहायचं असेल तर सहा जानेवारीचं लिहा, तुम्ही लोक आकर्षण म्हणता ना, तेच ते. पाद्रीबाबा पुलावरून लाकडी क्रूस नदीत टाकतात आणि आम्ही पोरं चड्डीवर उड्या मारतो. बर्फ धरला असला तर आधी कुऱ्हाडीने फोडतात. क्रूस ज्याच्या हाती लागला त्याला वर्षभर दुखणं नाही, मरण नाही. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचतं. दादाने तीनदा काढला होता, ओळीने तीन वर्षं. मी आपला त्याच्या मागून त्याचे तळवे बघत पोहायचो.

या वर्षी तो नको म्हणत होता. नाताळाला आलेला, आठ तारखेला परत जायचं, छातीत कफ. म्हणाला, मिंचो, यंदा तू उडी मार, मी टॉवेल धरून उभा राहतो. आणि मी काय केलं? पाच तारखेला दुपारी, खानावळीत, सगळे बसलेले असताना म्हटलं, 'जर्मनांनी माझा भाऊ ठेवून घेतलाय आणि बदल्यात ही बाई पाठवलीय.' सगळे हसले. तोही हसला. माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाला, 'थांब गाढवा, उद्या तुझ्या नाकासमोरून उचलतो.' — एवढंच. मी तसं म्हटलं नसतं तर तो टॉवेल धरून उभा असता. टॉवेल होता आमच्याकडे, नवा, त्यानेच आणलेला.

सोळा जण होतो. पाण्यात पडलं की थंडी वाजत नाही, काका, कोणीतरी कानाखाली मारतं आणि मग सगळे आवाज बंद होतात. क्रूस माझ्यापासून दोन हातांवर तरंगत होता आणि मी खाली ओढला गेलेलो, सगळं गढूळ, लाथा, कोपरं — पायाखाली काहीतरी घट्ट लागलं, त्यावर टाच रोवली, अंगात होता नव्हता तेवढा जोर दिला आणि वर आलो तो क्रूस माझ्या हातात! माझ्या! आयुष्यात मी काही जिंकलो नव्हतो. त्यांनी मला उचललं, ताशे, सनया, कोणीतरी तोंडात राकिया, आमची घरची दारू, ओतली, गावाने फेर धरला बर्फात, आणि मी वरून दादाला शोधत होतो — त्याचं तोंड बघायचं होतं मला, पडलेलं. दिसला नाही. म्हटलं, चिडला, गेला घरी. दोन फेर नाचून झाले. दोन. मग पोरं कठड्यापाशी कपडे चढवायला लागली आणि एकाचे कपडे उरले.

दुसऱ्या खांबापाशी सापडला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. इतक्या थंड पाण्यात बंद पडतं. गावही म्हणालं, हृदय. तुम्हीही हृदयच लिहा — नाही, तुम्ही काही लिहूच नका, ती वही आत ठेवा. त्याला कपडे मी चढवले, आईच्याने होईना. इथे, गळ्याखाली, खांद्यावर, निळा डाग होता. एवढा. शेजारी म्हणाले, दगडावर आपटला असेल. मीही म्हटलं, हो, दगडावरच. पुलाखाली दगड नाहीत, काका. गेल्या उन्हाळ्यात यंत्र लावून सगळा तळ उपसला, मी स्वतः आठ दिवस फावडं घेऊन होतो तिथे. खाली चिखल आहे, गुडघाभर, लोण्यासारखा. त्यावर टाच रोवून कोणी वर येत नाही. — काय बघताय? मी काही म्हटलं का? खांबावर आपटला असेल. खांब तर आहेत ना पुलाला! पाणी ढकलतं माणसाला, खांब लागतो, डाग पडतो. पडतो की नाही?

आईने क्रूस देवाच्या चित्राखाली ठेवलाय. रोज मला त्याचं चुंबन घ्यायला लावते. म्हणते, देवाने एक नेला, पण दुसऱ्याचं वर्ष राखलं. मी ओठ टेकवत नाही, नुसते जवळ नेतो. शेजारची म्हातारी आजारी पडली तर आई म्हणाली, तूच घेऊन जा क्रूस, तुझ्या हाताला यश आहे. गेलो. आणि म्हातारी बरी झाली! उठून कोबी चिरायला बसली! आता काय म्हणणार?

चाळीस दिवस माणूस घरातच फिरत असतो म्हणतात, ऐकत असतो, आज जातो. म्हणून आजच सांगायचं होतं आईला, तो असताना. सकाळी तोंड उघडलं. ती कबरीवर न्यायच्या गव्हात साखर आणि अक्रोड मिसळत होती, म्हणाली, चमचा धर. धरला. घोटत बसलो. — आता कबरीपाशी सांगीन. सगळे असतील, पाद्रीबाबा असतील, सगळ्यांसमोर सांगीन, मग मारोत मला, थुंकोत. तुम्हाला सांगता आलंच की. अवघड काय आहे त्यात, तोंड उघडायचं — म्हणजे तुम्हाला मी काही सांगितलेलं नाही. ऐकलंत? काही नाही.

द्या ती डबी. ती बघा, काळा रुमाल, हातात ताट. आई. लवकर निघाली. तुम्ही जा, काका. अडीचची बस चुकली तर एकदम उद्या. जा म्हटलं ना! असे उभे राहू नका, तिला वाटेल काहीतरी — आलो गं आई! कोण? कोणी नाही, पत्ता विचारत होते. हळू ये, कडेकडेने ये, तिथे निसरडं आहे. दे, ताट दे माझ्याकडे. नाही — तो नको. क्रूस तूच धर.