सात जहाजं आणि दहा वाजून दहा

...आणि वर मला म्हणते कशी, "बाबा, हे घड्याळ बंद आहे म्हणूनच सुंदर आहे!" बंद आहे म्हणून! आता बोला! अहो, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं झाली, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून लोकांची बंद घड्याळं चालू करतोय. श्वास रोखूनच, कारण जरा नाकातून हवा गेली की केसाएवढा स्क्रू उडतो तो पुढच्या झाडलोटीलाच सापडतो! आणि माझीच पोरगी चांगलं चालतं घड्याळ बंद करून काचेत मांडते! घड्याळाचं काम काय? वेळ दाखवणं! बस! दुसरं काय काम असतं हो त्याला?

आमची ही पोरगी म्हणजे चिमटी. लहानपणी खुळखुळा फेकून माझा चिमटा पकडायची, म्हणून चिमटी. आता एकोणतिशीची घोडी झालीय, पण नाव चिमटीच. पाच वर्षं एका कंपनीत बाटल्यांच्या झाकणांची डिझाइनं काढत होती. हे झाकण पिळायचं, ते दाबायचं, तिसरं पिळायचंही आणि दाबायचंही... आणि एक दिवस घरी आली, बूट न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, आज मला माझ्या स्वप्नात झाकण दिसलं." मग काय! तीन महिन्यांची रजा घेतली आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं. काय करणार? तर म्हणे, "मालिकेतले दागिने आणि घड्याळं."

ती मालिका... अरे देवा, ती मालिका! नाव विचारू नका, माझी जीभ वळत नाही. सात जहाजं आहेत. प्रत्येक जहाज एका ठरावीक मिनिटाला बुडतं. समुद्रात नाही हो, आकाशात! आकाशात कसं बुडतं, हे मी एकदाच विचारलं, पाऊण तास गेला. आमची ही सगळे भाग पोरीबरोबर बघते, वर मलाच, "अहो, तुम्हाला पाचव्या जहाजाचं काहीच कसं वाटत नाही?" आता पाचव्या जहाजाचं मला काय वाटायचंय? माझ्या दुकानात तीन दिवसांत एक गिऱ्हाईक येतं, तेही रस्ता विचारायला! हल्ली सगळे वेळ फोनमध्ये बघतात. बुडायचंच झालं तर आधी माझंच जहाज बुडतंय, त्याचं कुणाला काय वाटतंय का!

पण खोटं कशाला बोलू... पोरीच्या हातात जादू आहे. एक अंगठी केली, तिच्यावर एवढुसा गोल जिना. म्हटलं, "हा जातो कुठे?" तर म्हणे, "कप्तानबाईंच्या खोलीत." कानातले केले, एका कानात दार, दुसऱ्या कानात किल्ली! म्हटलं, "चिमटे, जोडी चुकली गं." तर म्हणे, "चुकली नाही, बाबा. किल्ली इकडे आणि दार तिकडे, हीच तर त्या कप्तानबाईंची गोष्ट आहे." आणि एक हार. माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे, त्यात मेलेल्या घड्याळांची चाकं साठवलीत मी, चाळीस वर्षांची. आमची ही दर सहा महिन्यांनी म्हणते, "अहो, तो डबा टाका आता." त्या चाकांचा हार केला पोरीनं! एकेक दात घासून, चमकवून, अशी गुंफलीत की एकाला बोट लावलं की शेवटचंसुद्धा फिरतं. मी भिंग काढलं आणि डोळे पुसले. म्हटलं, धूळ गेली. ती म्हणाली, "हो, आज फार धूळ आहे." तीसुद्धा पुसत होती.

आणि मग ती सात घड्याळं. प्रत्येक जहाजाचं एक. एकाच्या तबकडीवर तडा गेलेली काच, एकावर दोन चंद्र, एकाचे काटे म्हणजे वल्ही... मशीन सगळ्यांत मी बसवलं, स्वतःच्या हातानं, ठणठणीत! आणि ही काय करते? प्रत्येकाची चावी ओढून ठेवते. चावी ओढली की काटे थांबले. का गं बाई? तर तिनं सांगितलं असणार, सांगितलंच असणार, त्या पाऊण तासात, पण मी तेव्हा एका स्क्रूच्या मागे होतो. पालथ्या घड्यावर पाणी! मी आपला मनात म्हणत होतो, घड्याळाचं काम काय? वेळ दाखवणं! करा काय करायचं ते!

तर रजा संपत आली आणि त्या मालिकेच्या वेड्यांचा मेळावा लागला. मोठा हॉल, ओळीनं टेबलं. त्यातलं एक आमचं. आणि मालिकेच्या कंपनीच्या बाई स्वतः येणार होत्या, अधिकृत दागिने कुणी करायचे ते ठरवायला. चिमटीनं आईला शब्द दिला होता, "यात झालं तर झालं, नाहीतर सोमवारी मी झाकणांवर हजर." हसत म्हणाली हो, पण मी बाप आहे. पोरीचं कुठलं हसू आतून येतंय आणि कुठलं नुसतं वर चिकटवलंय, ते कळायला भिंग लागत नाही.

सकाळी हॉलमध्ये पोचलो. काय ती माणसं, सगळी मालिकेतल्या पात्रांची सोंगं घेऊन आलेली! एक आजोबा शेपूट हातात धरून चहाच्या रांगेत! एक बाई नखशिखांत चांदीच्या रंगात, आणि फोनवर बोलतायत, "हो, कुकर तीन शिट्ट्यांनी बंद कर." चिमटीनं सगळं मांडलं आणि मला म्हणाली, "बाबा, मी पास घेऊन येते. तुम्ही फक्त बसा." फक्त बसा! अहो, घड्याळवाल्यासमोर सात घड्याळं ठेवायची, सातांवर सात वेगवेगळ्या वेळा, आणि त्याला म्हणायचं फक्त बस? एक पावणेचार, एक बारा वाजून एकवीस, एकाचे काटे एकमेकांवर निजलेले... माझ्या अंगावर काटा आला. लोक काय म्हणतील? घड्याळवाल्याची पोरगी, आणि काटे लावता येत नाहीत?

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. विकायला ठेवलेलं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवायचं. कुठल्याही दुकानाच्या काचेत बघा! दोन्ही काटे वर, येणाऱ्याला "या, या" म्हणत हात पसरल्यासारखे, आणि मधे कंपनीचं नाव उघडं. वडिलांनी मला पहिल्यांदा काटे लावायला शिकवले ते याच वेळेवर. म्हटलं, पोरीला तेवढीच मदत! भिंग लावलं आणि सातही घड्याळं, एक, दोन, तीन... दहा-दहा, दहा-दहा, दहा-दहा! अशी शिस्तीत उभी राहिली की मलाच माझं कौतुक वाटलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

पहिलं गिऱ्हाईक आलं. निळ्या तोंडाचे गृहस्थ. सगळं तोंड निळं, कानसुद्धा. वाकून बघतायत, बघतायत... आणि एकदम, "सगळ्या जहाजांना दहा-दहा? पण तिसरं तर पावणेचारला बुडतं!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुडण्याची वेळ! प्रत्येक घड्याळ आपापलं जहाज बुडालं त्या मिनिटाला थांबलेलं! आणि मी सातही जहाजं एकाच वेळी बुडवली होती!

तेवढ्यात चिमटी परत आली. बघितलं तिनं. म्हणाली, "बाबा... काटे कुणी लावले?" म्हटलं, "मी." ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. खोक्यावर बसली आणि नुसती घड्याळांकडे बघत राहिली. आणि मला तिच्या तोंडावर सोमवार दिसला, स्वच्छ दिसला, झाकणांसकट. मी म्हटलं, "पोरी, चुकलो मी. वेळा सांग, आत्ता लावतो." आणि हात पुढे केला, तर निळे गृहस्थ किंचाळले, "थांबा! हात लावू नका!"

त्यांनी फोन काढला. फोटो टाकला. मिनिटात दहा माणसं गोळा! "दहा-दहा म्हणजे काय?" "काहीतरी खूण आहे!" शेपटीचे आजोबा म्हणतायत, "उलटं वाचा!" आता दहा-दहा उलटं वाचलं तरी दहा-दहाच की हो! आणि मग त्या चांदीच्या बाई ओरडल्या, "तिसरा भाग! स्वयंपाकघर! भिंतीवर!" फोनवर तिसरा भाग लावला. जहाजाचं स्वयंपाकघर, आचारी रडतोय, आणि त्याच्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ... दहा वाजून दहा! पाचवा भाग लावला, दहा वाजून दहा! शेवटचा लावला, दहा वाजून दहा! निळे गृहस्थ घामाघूम, रंग ओघळतोय, "म्हणजे आठवं जहाज आहे! न बुडालेलं आठवं जहाज!" आणि हॉलभर टाळ्या!

आता मला कारण कळलं होतं. घड्याळवाल्याला नाही कळणार तर कुणाला? अहो, कुणीतरी दुकानातून घड्याळ आणलं, सेल न टाकता तसंच भिंतीवर ठोकलं! मी तोंड उघडलं... "अहो, त्याचं काय आहे..." चिमटीनं माझ्या पायावर पाय दिला. टाच होती बुटाला!

गर्दीच्या मागे एक बाई उभ्या होत्या. आखूड केस, खांद्यावर पिशवी. त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मी कंपनीची. ते घड्याळ मीच आणलं होतं. चार वर्षांत सेल टाकायचा राहून गेला. तुम्हाला कसं कळलं?" बोंबला! सांगितलं सगळं खरं. रीत, वडील, पोरीला मदत. त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना बसायला आमचं खोकं लागलं. पण तुम्हाला सांगतो, हसून झाल्यावर त्यांनी घड्याळं बघितलीच नाहीत. तो हार उचलला. एका चाकाला बोट लावलं. शेवटचं फिरलं. पुन्हा लावलं. पुन्हा फिरलं. मग चिमटीला विचारलं, "हे कुणी केलं?" आणि माझी पोरगी म्हणते, "आम्ही दोघांनी." दोघांनी! मी फक्त डबा टाकला नव्हता हो... पण त्या दिवशी धूळ फारच होती हॉलमध्ये.

तर आता सोमवार येतो आणि जातो, झाकणं दुसरंच कुणी काढतं. हार पाहिजेत, जिन्याच्या अंगठ्या पाहिजेत, दुकानाला नवीन पाटी लागलीय, पोरीचं नाव वर, माझं खाली, आणि लोक चक्क रस्ता न विचारता आत येतात! फक्त एकच भानगड झालीय. मालिकावाल्यांनी खरोखरच आठवं जहाज काढलं, आणि त्याची दोनशे घड्याळं मागवलीत. दोनशे! मी मशीन बसवायचं, तेल घालायचं, ठणठणीत चालवून बघायचं, आणि मग दहा वाजून दहा मिनिटांवर चावी ओढून बंद करायचं. चाळीस वर्षांची पुण्याई, आणि हातून हे काम! घड्याळाचं काम काय, असं मी परवा हिला विचारलं, तर ही म्हणते, "अहो, आठव्या जहाजाचं कसं होईल हो?"

जाऊ दे. बोलता बोलता तुमचा फार वेळ घेतला का मी? किती वाजले असतील? थांबा हं, पोरीनं दिलेलं आहे मनगटावर, आठव्या जहाजाचं, पहिलंच केलेलं... हां. दहा वाजून दहा. मग बसा की निवांत! आमच्या घरात आता कुणालाच उशीर होत नाही.