दहा किलो तेल गेलं कुठं?

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? जिभेवर की काचेच्या नळीवर? माझ्या साबणाच्या कारखान्यातला क्रेसेन्सिओ तीस वर्षं साबणाचा चुरा जिभेला लावून सांगतोय, "चटका नाही, मालक! पिकला!" आणि ती सुनिल्दा, परवा रसायन शिकून आलेली, नळी हलवून म्हणते, "डॉन तेलेस्फोरो, शंभर किलो तेलातलं नव्वदच साबणात गेलंय." अहो, मग दहा किलो तेल गेलं कुठं? पाय फुटले त्याला? तर म्हणते, "कढईतच आहे. कॉस्टिक सोडाही उरलाय, पण दोघांची गाठच पडली नाही." एका कढईत राहून गाठ नाही! तुम्हाला सांगतो, थेट माझ्या मेहुण्यांची गोष्ट!

हसताय काय? तिकडे दवाखान्याच्या चादरी धुणारी न्या देओलिंदा, 'न्या' म्हणजे आमच्याकडं 'बाई', माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, वड्या काउंटरवर आपटून गेली, "ए तेलेस्फोरो, याला साबण म्हणतोस? हात भाजतात नि चादरी तेलकट! पुढच्या खेपेला असंच निघालं तर मी चालले यागुआरोनच्या साबणवाल्याकडं!"

म्हणून सुनिल्दाला म्हटलं, बाई, शोध, दहा किलो तेल गेलं कुठं! ती घड्याळ घेऊन बसली. आमची रीत साधी, तेरेरेचा, म्हणजे माते नावाच्या पानांच्या बर्फगार चहाचा, थर्मास संपेपर्यंत ढवळायचं. क्रेसेन्सिओ नि त्याचा भाऊ आळीपाळीनं वल्हं मारतात, मी बर्फ घालतो, पेला फिरतो... थर्मास संपला, वल्हं खाली, साबण जिभेला!

"चाळीस मिनिटं," सुनिल्दा म्हणाली. "जुलैत?"

"जुलैत आपल्याकडं थंडी, म्हणून गरम माते. फुंकून फुंकून थर्मासला दीड तास," क्रेसेन्सिओ म्हणाला.

"आणि बर्फ पिऊन बधिरलेल्या जिभेला चटका कळणार कसा? बरं, थर्मास इतका लवकर संपतो कसा? दोघंच तर ढवळता."

क्रेसेन्सिओ माझ्याकडे बघेना. भाऊ आभाळाकडे बघायला लागला. आता दुकानात एकट्याला करमत नाही म्हणून डिसेंबरपासून मी इथं कढईपाशी येऊन बसतो, त्यात माझा काय... अरे देवा! निम्मा थर्मास मीच रिचवत होतो की!

आता घड्याळ लावून दीड तास मीच वल्हं मारतो, ते दोघं सावलीत पितात. परवा अठ्ठ्याण्णव किलो साबणात गेलं. न्या देओलिंदा वडी हुंगून दोन पेट्या घेऊन गेली. आणि मला लगेच खाज, उरलेलं दोन किलो गेलं कुठं?

तेव्हा एक विनंती. तुम्हीही काही घालून काही काढत असाल, तर वही खरी मांडा. मी मांडलीये. तेल शंभर, साबणात नव्वद, आणि दहा किलोंपुढं माझ्याच अक्षरात... 'मालक प्याला.'